‘नीट करून आणतो’ असं घरचे म्हणाले तर: मराठवाड्यातल्या एलजीबीटीक्यू व्यक्ती आणि कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात वकिली करते. खालचे प्रश्न समलिंगी आणि ट्रान्सजेंडर व्यक्ती विचारतात, त्यांचे आई-वडील विचारतात, कधी एखादा डॉक्टर किंवा पोलीस कर्मचारीही विचारतो. उत्तरं जमेल तितक्या साध्या भाषेत दिली आहेत. कलमांचे आकडे मुद्दाम ठेवले आहेत, कारण ठाण्यात किंवा दवाखान्यात उभं राहून बोलायची वेळ आली की ‘असा कायदा आहे’ म्हणण्यापेक्षा कलम सांगितलेलं बरं.

कन्व्हर्जन थेरपी म्हणजे नेमकं काय?

मुलाला मुलगा आवडतो, मुलीला मुलगी आवडते, किंवा कुणाला जन्मदाखल्यावर लिहिलेलं लिंग आपलं वाटत नाही. हे बदलून टाकण्यासाठी केलेला कुठलाही ‘इलाज’ म्हणजे कन्व्हर्जन थेरपी. ती दवाखान्यातच होते असं नाही. शॉक, इंजेक्शनं, गुंगीच्या गोळ्या, संमोहन, ‘मन वळवण्यासाठी’ महिनोन्‌महिने चालवलेलं समुपदेशन, व्यसन नसताना व्यसनमुक्ती केंद्रात डांबणं, देवरुष्याकडे नेणं, मोबाइल काढून घेऊन खोलीत कोंडणं, घाईघाईनं स्थळ बघून लग्न उरकणं, हे सगळं त्यात येतं. आपल्याकडे यातले शेवटचे तीन प्रकार सर्रास चालतात आणि त्यांना कुणी ‘थेरपी’ म्हणत नाही. त्यामुळे आपल्यावर झालं ते बेकायदेशीर होतं, हेच अनेकांना कळत नाही.

पण हा आजार नाही, हे कुणी ठरवलं?

जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. २०२२ पासून लागू झालेल्या नव्या यादीत ट्रान्सजेंडर असणंही मानसिक आजारांच्या प्रकरणात राहिलेलं नाही. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं, २०१८ मध्ये हीच भूमिका जाहीर केली.

आपला कायदा याच्याही पुढे जातो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ नुसार समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक चालीरीतींशी कुणी जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कलम १८ मध्ये लैंगिक कल हा शब्द स्पष्ट लिहिला आहे आणि त्यावरून उपचारात भेदभाव करायला मनाई केली आहे. जुन्या पिढीतले काही डॉक्टर अजूनही वेगळं सांगतात, कारण त्यांना शिकवलंच तसं गेलं होतं. अगदी ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यक आयोगानं एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’मध्ये घातले होते. देशभरातून विरोध झाला आणि आठवड्याभरात ते मागे घ्यावं लागलं.

महाराष्ट्रात कन्व्हर्जन थेरपीवर बंदी घालणारा कायदा आहे का?

तिचं नाव घेऊन बंदी घालणारा, विधानसभेनं केलेला स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात नाही. तरीही ती करायची मोकळीक कुणालाच नाही.

७ जून २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी घर सोडून आलेल्या दोन तरुणींच्या प्रकरणात लैंगिक कल ‘बरा’ करण्याच्या प्रयत्नांना मनाई केली. असं करणाऱ्या व्यावसायिकावर परवाना काढून घेण्यापर्यंत कारवाई करा, असा आदेश दिला. त्याच प्रकरणाच्या ओघात २५ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रीय वैद्यक आयोगानं सगळ्या राज्यांच्या वैद्यक परिषदांना पत्र पाठवलं आणि कन्व्हर्जन थेरपी हे डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं कळवलं.

मद्रासचा निकाल आपल्याला कसा लागू होणार?

तो निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, आधार म्हणून दाखवता येतो. आयोगाचं पत्र मात्र देशभरातल्या परिषदांना आहे, त्यात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलही आली. नांदेडच्या किंवा परभणीच्या एमबीबीएस डॉक्टरला ‘हे तमिळनाडूचं आहे’ म्हणून हात झटकता येणार नाहीत.

माझं मत विचाराल तर एका पत्रावर भागणार नाही. ते पत्र नोंदणीकृत डॉक्टरपुरतं आहे. बाबा, भगत, बिनपरवान्याचा समुपदेशक आणि घरातला काका त्याच्या बाहेर राहतात. अघोरी प्रथांविरुद्ध कायदा करण्याची धमक या राज्यानं दाखवली आहे. इथेही दाखवायला हवी.

डॉक्टरविरुद्ध तक्रार कुठे करायची?

एमबीबीएस, एमडी डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. होमिओपॅथ आणि आयुर्वेदाचे वैद्य यांच्या राज्य परिषदा वेगळ्या आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तिथे तक्रार जाते. नुसता ‘काउन्सेलर’ असा बोर्ड लावून बसलेल्या माणसावर यांपैकी कुणाचंच नियंत्रण नसतं. तिथे फौजदारी कायदा किंवा ग्राहक आयोग हेच रस्ते उरतात.

तक्रारीआधी कागद हातात घ्या. २००२ च्या नियमांनुसार तुम्ही लेखी मागणी केली की डॉक्टरनं तुमची कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात. चिठ्ठीवर ‘होमोसेक्शुअ‍ॅलिटी’ असं निदान लिहिलं असेल तर तो कागद सोन्यासारखा जपा. वैद्यक परिषदेनं तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत द्यावा, असं नियम म्हणतो. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो, म्हणून पोचपावती घ्यायला विसरू नका.

घरच्यांनी जबरदस्तीनं मनोरुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं तर?

हे उत्तर लांबलं तरी पूर्ण वाचा, कारण याचा उपयोग आधी तयारी करून ठेवली तर जास्त होतो.

सज्ञान माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम ८९ च्या अटी पाळाव्या लागतात. माणसाला गंभीर मानसिक आजार हवा. त्यानं नुकतीच स्वतःला इजा करायचा प्रयत्न केलेला किंवा धमकी दिलेली हवी, दुसऱ्याशी हिंसक वागलेला हवा, नाहीतर स्वतःची काळजी घेण्याच्या अवस्थेत नसायला हवा. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक व्यावसायिक, दोघांनी वेगवेगळी तपासणी करायची असते. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, आणि दाखल केल्याचं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं. बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. ‘पोरगी पोरीवर प्रेम करते’ हे या अटींत कुठेही बसत नाही.

व्यसनमुक्ती केंद्रांनाही हाच कायदा लागतो, कारण दारू आणि अमली पदार्थांमुळे झालेल्या मानसिक अवस्था कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. केंद्राची नोंदणी नसेल तर पहिल्याच वेळी ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. कायद्याच्या इतर तरतुदी मोडल्या तर कलम १०८ नुसार पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी कैद दोन वर्षांपर्यंत जाते आणि दंड पाच लाखांपर्यंत. भूल न देता शॉक देणं आणि साखळीनं बांधणं कलम ९५ नं पूर्णपणे बंद केलं आहे.

आता तयारीचं. याच कायद्याच्या कलम १४ नुसार कुठलीही सज्ञान व्यक्ती स्वतःचा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’, म्हणजे उपचारांच्या निर्णयात आपल्या बाजूनं बोलणारा माणूस, नेमू शकते. स्टँप पेपर लागत नाही, नोटरी लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की झालं. प्रतिनिधी सज्ञान हवा आणि त्याची लेखी संमती हवी. जोडीदार, मैत्रीण, समजून घेणारी मावशी, कुणीही चालतं. तुम्ही कुणालाच नेमलं नसेल तर तो अधिकार आपोआप नातेवाइकांकडे जातो, आणि पुष्कळदा डांबणारे तेच असतात. म्हणून घरात धमक्या सुरू झाल्या असतील तर हा कागद आज लिहा. एक प्रत प्रतिनिधीकडे, एक वकिलाकडे ठेवा आणि फोटो मेलवर पाठवून ठेवा.

आणि कुणी आत अडकलंच, तर बाहेरच्या माणसाला उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस (डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारा अर्ज) करता येतं. आपल्या आठही जिल्ह्यांसाठी ते औरंगाबाद खंडपीठात होतं, मुंबई गाठायची गरज नाही. चुकीनं डांबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हाही आहे. केंद्रवाल्यासाठी आहे तसाच तो वडिलांसाठीही आहे.

गावातल्या देवरुष्याकडे नेलं. ‘अंगात बाईचं वारं आहे’ म्हणून मिरचीची धुरी दिली, मारलं. याला काही कायदा?

आहे, आणि तो आपल्या राज्याचा स्वतःचा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी हा जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, काठीनं किंवा चाबकानं मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं, जोडा भिजवलेलं पाणी पाजणं, मलमूत्र तोंडात घालायला लावणं, ही सगळी कृत्यं कायद्याच्या अनुसूचीत एकेक करून लिहिली आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजार ते पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलिसांना वॉरंटची वाट बघावी लागत नाही.

समलिंगी किंवा तृतीयपंथी हा शब्द या कायद्यात नाही, आणि त्यानं काही बिघडत नाही. ‘बाधा’ कशाची होती हे कायदा विचारत नाही, छळ झाला का एवढंच बघतो. फिर्यादीत ‘मी गे आहे म्हणून’ असं लिहायची सक्तीही नाही. ‘बाधा उतरवण्याच्या नावाखाली मला मारलं’ एवढं सांगून गुन्हा नोंदवता येतो. माझ्या मते मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत सगळ्यात उपयोगी कायदा हाच आहे आणि तो या कामासाठी सगळ्यात कमी वापरला जातो.

एक गैरसमज काढून टाकते. हा कायदा देवाधर्माच्या विरोधात नाही. वारी, कीर्तन, नवस, प्रदक्षिणा, घरातली पूजा यांना तो हातही लावत नाही. आईनं तुळजाभवानीला ओटी भरून ‘माझ्या लेकराचं भलं कर’ म्हटलं, तर तो तिचा आणि देवीचा मामला आहे.

‘लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल’ असं सगळे म्हणतात.

हा सल्ला दोन आयुष्यांची माती करतो, आणि त्यातलं दुसरं आयुष्य कुणाच्या लक्षातच येत नाही.

ज्याचं लग्न जबरदस्तीनं लावलं, त्याला किंवा तिला हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली, जबरदस्ती संपल्यापासून एका वर्षाच्या आत, विवाह रद्द करून मागता येतो. मुलगी असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ सुद्धा वापरता येतो. तो फक्त नवऱ्याविरुद्ध चालतो असा समज आहे, पण बाप, भाऊ, आई यांच्याविरुद्धही तो चालतो. प्रतिवादी ‘सज्ञान पुरुष’च असला पाहिजे ही अट सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये काढून टाकली. लग्नाला तयार हो म्हणून मारहाण, उपासमार, शिक्षण बंद करणं, नोकरी सोडायला लावणं, हे सगळं ‘हिंसाचारा’त बसतं. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करा.

आणि जिला काहीच न सांगता गे मुलाच्या गळ्यात बांधलं, त्या मुलीचं काय? तिचीही फसवणूक झालेली असते. महत्त्वाची गोष्ट लपवून लग्न लावलं म्हणून तिलाही कलम १२ खाली, फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत, विवाह रद्द करून मागता येतो. माझ्याकडे आलेल्या अशा मुलींना वर्षानुवर्षं वाटत आलेलं असतं की आपल्यातच काही खोट आहे. सोयरीक जमवणाऱ्यांनी एकदा तिच्या जागी स्वतःची लेक उभी करून बघावी.

आम्ही दोघी सज्ञान आहोत, घर सोडून एकत्र राहायचं आहे. घरचे पोलिसांत जातील.

जातील. बहुतेक वेळा आधी ‘मिसिंग’ची तक्रार होते, मग दुसरीच्या घरच्यांवर किंवा मित्रावर पळवून नेल्याचा आरोप येतो, आणि कधी ‘दागिने घेऊन गेली’ अशी चोरीचीही फिर्याद होते. म्हणून घरातलं सोनं घेऊन निघू नका, आईनं प्रेमानं दिलेलं असलं तरी ठेवून या. स्वतःची कागदपत्रं मात्र घ्या: आधार, टीसी, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, बँकेचं पासबुक. निघाल्या दिवशीच पोलीस ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा की आम्ही सज्ञान आहोत, स्वखुशीनं निघालो आहोत, जिवाला धोका आहे. रजिस्टर पोस्टाची पावती आणि मेलची प्रत जपून ठेवा.

११ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं देवू नायर प्रकरणात देशभरच्या न्यायालयांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या अशा प्रसंगासाठीच आहेत. हजर केलेल्या व्यक्तीशी न्यायाधीशांनी स्वतः, घरचे आणि पोलीस बाजूला ठेवून बोलावं. तिची इच्छा समजून घ्यावी. समुपदेशनाच्या किंवा आई-वडिलांच्या देखरेखीच्या नावाखाली तिचा लैंगिक कल किंवा ओळख बदलायचा प्रयत्न न्यायालयानं करू नये. गरज असेल तर तातडीनं पोलीस संरक्षण द्यावं. सज्ञान व्यक्तीला तिच्या इच्छेविरुद्ध घरच्यांच्या ताब्यात देता येत नाही. ठाण्यात ‘आधी घरी जा, दोन दिवस विचार कर’ म्हटलं, तर ‘मी सज्ञान आहे, मला जायचं नाही’ हे वाक्य जबाबात लिहूनच घ्या.

मी सतरा वर्षांचा आहे. मी काय करू?

तुझ्यासाठी कायदा थोडा वेगळा आहे, म्हणून खोटा दिलासा देत नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत तू पालकांच्या ताब्यात आहेस. तुला घेऊन जाणाऱ्या मित्रावर अपहरणाचा गुन्हा लागू शकतो, आणि अठराच्या आत शरीरसंबंध आला तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो, मग ते दोघांच्या मर्जीनं असलं तरी. म्हणून पळून जाऊ नकोस.

पण मारणं, कोंडणं, उपाशी ठेवणं हा पालकांचा अधिकार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली तो गुन्हा आहे. १०९८ वर फोन कर, तो चोवीस तास चालतो. सगळं सांगायची गरज नाही, ‘घरी मारतात, कोंडतात’ एवढं सांगितलंस तरी चालेल. शाळेत किंवा क्लासमध्ये विश्वासाचं एक मोठं माणूस शोध. मन फारच खचलं, मरावंसं वाटलं, तर १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. अठरा व्हायला थोडेच महिने राहिलेत. शिक्षण सोडू नकोस.

ॲपवर ओळख झाली, भेटायला बोलावून मारलं, व्हिडिओ काढला, आता पैसे मागतात. तक्रार केली तर मलाच आत टाकतील?

नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं, सज्ञान व्यक्तींनी संमतीनं ठेवलेले संबंध १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिताच गेली, आणि नव्या न्याय संहितेत ते कलम नाही. तुम्ही भेटायला गेलात यात गुन्हा नाही. त्यांनी केली ती खंडणी (कलम ३०८) आणि धमकी (कलम ३५१) आहे. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी थांबत नाही. चॅट, नंबर, यूपीआयच्या नोंदी यांचे स्क्रीनशॉट घ्या.

आपल्या गावच्या ठाण्यात सगळे ओळखीचे असतात ही अडचण खरी आहे. कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर करता येतो. जालन्याची घटना संभाजीनगरात नोंदवा, हरकत नाही. घेतच नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली अधीक्षकांना पोस्टानं पाठवा.

‘सरळ करण्यासाठी’ बलात्कार झाला तर?

पीडिता स्त्री असेल तर बलात्काराचं कलम लागतं, किमान दहा वर्षं शिक्षा आहे, आणि गुन्हेगार नातेवाईक असला तर कलम अधिक कडक होतं. जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा. सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयानं उपचार मोफत आणि लगेच द्यायचे. अंघोळ, कपडे धुणं टाळा आणि सरळ रुग्णालयात जा.

पीडित पुरुष असेल तर कायद्यात मोठं भगदाड आहे. जुनं ३७७ जबरदस्तीलाही लागू होतं. ते गेलं आणि पुरुषावरील बलात्कारासाठी नव्या संहितेत काहीच आलं नाही. इजा, डांबणं, धमकी ही कलमं लावावी लागतात. ट्रान्सजेंडर व्यक्तीसाठी २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याचं कलम १८ आहे, पण त्यात लैंगिक अत्याचारालाही सहा महिने ते दोन वर्षंच शिक्षा. एकाच गुन्ह्याला शरीर बघून शिक्षा ठरते, हा अन्याय आहे आणि तो संसदेनंच दूर करायला हवा.

तृतीयपंथी, ट्रान्सजेंडर व्यक्तींना काय संरक्षण आहे?

आधी इतिहास, कारण तो आपल्या मातीतला आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानानं १३२९ फसली, म्हणजे १९१९ च्या सुमारास, हिजड्यांची नोंदवही ठेवणारा कायदा केला. बाईचे कपडे घालून रस्त्यावर दिसलं, नाचगाणं केलं तर वॉरंटशिवाय अटक. त्याचा तेलंगणात कागदावर उरलेला भाग तिथल्या उच्च न्यायालयानं जुलै २०२३ मध्ये रद्द केला. आपल्या आजा-पणजांच्या काळातल्या तृतीयपंथीयांना राज्यव्यवस्थेनंच गुन्हेगार ठरवलं होतं. लोकांच्या मनातला संशय नुसत्या परंपरेतून आलेला नाही, त्यामागे असा कायदाही होता.

सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालानं स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. शिक्षण, नोकरी, उपचार, भाड्याचं घर यांत भेदभावाला त्यानं मनाई केली. घरातून किंवा गावातून हाकलणं, शारीरिक वा मानसिक छळ करणं हे कलम १८ खाली गुन्हे झाले. ओळखपत्राचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आणि २०२० च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात त्यांच्या अखत्यारीत तृतीयपंथी संरक्षण कक्ष नेमायला सांगितलं. अर्जाचे नियम बदलत असतात, म्हणून भरण्याआधी समाजकल्याण कार्यालयात चालू नमुना विचारून घ्या. ओळखपत्र नाही म्हणून मारहाणीची तक्रार घेत नाही, असं ठाण्यात कुणी म्हटलं तर ते चूक आहे.

जातपंचायतीनं आमच्या कुटुंबाला वाळीत टाकलं. पोरगं असं आहे म्हणून.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, २०१६ वापरा. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पंचांची नावं, बैठकीची तारीख, मोबाइलवरचे मेसेज जपून ठेवा.

कॉलेजात, होस्टेलवर चिडवतात, मारतात.

ते रॅगिंग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि ट्रान्सजेंडर ओळख घातली. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. विद्यापीठ संभाजीनगरचं असो की नांदेडचं, नियम एकच.

नोकरीवरून काढलं, घरमालकानं घर रिकामं करायला लावलं, फक्त गे असल्यामुळे.

सरकारी नोकरी असेल तर घटनेच्या कलम १४, १५, १६ खाली लढता येतं. खासगी मालकाविरुद्ध समलिंगी व्यक्तीसाठी थेट कायदा नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तीला २०१९ चा कायदा आहे. ही तफावत आहे, लपवून उपयोग नाही.

आम्हाला लग्न करता येतं का?

नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकनही फेटाळलं. ट्रान्स स्त्री आणि पुरुष किंवा ट्रान्स पुरुष आणि स्त्री यांना मात्र सध्याच्याच कायद्यांखाली लग्न करता येतं, हे त्याच निकालात आहे. एकत्र राहणं कायदेशीर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं कळवलं की जोडीदारासोबत संयुक्त खातं काढायला आणि नॉमिनी नेमायला आडकाठी नाही. रेशनकार्डासाठीही अशा जोडीदारांना एकाच घरातलं धरावं, असं केंद्रानं राज्यांना सांगितलं. शेती आणि घर यांच्यासाठी मृत्युपत्र करून ठेवा. ते नसेल तर सातबारावर जोडीदाराचं नाव कधीच लागणार नाही, भावकीचं लागेल.

आपल्या भागातलं कुणी असं लढलंय का?

माजलगावच्या एका पोलीस शिपायानं लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. वरिष्ठांनी नाकारली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०१८ मध्ये राज्य सरकारनं परवानगी दिली. आज तो पुरुष म्हणून जगतो आहे. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला स्त्रियांसाठी राखीव जागेवर एका ट्रान्स महिलेचा ग्रामपंचायतीचा अर्ज बाद केला होता. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाचे न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी तिला स्त्री म्हणून उभं राहू दिलं. ती निवडूनही आली.

आम्ही आई-वडील आहोत. आमचं काय चुकलं? कुणाकडे न्यावं?

तुमचं काही चुकलं नाही, आणि लेकराचंही नाही. ‘लोक काय म्हणतील’ ही भीती खोटी नाही हे मला माहीत आहे. लहान गावात धाकट्या बहिणीचं लग्न अडतं, चावडीवर बोलणी होतात. पण त्या भीतीचा इलाज लेकरावर करू नका.

मुलगा झोपत नसेल, जेवत नसेल, मरणाचं बोलत असेल, तर डॉक्टरकडे जरूर न्या. संभाजीनगरच्या घाटीत, अंबाजोगाईला, लातूरला, नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार मिळतो आणि खर्चही थोडा असतो. उपचार उदासीनतेवर व्हायला हवा, आवडीनिवडीवर नव्हे. डॉक्टर चांगला की नाही हे पहिल्याच भेटीत कळतं. तो मुलाशी तुम्हाला बाहेर बसवून बोलेल, आणि ‘बदलून देतो’ असं वचन देणार नाही. बदलून देण्याचे पैसे सांगणारा कितीही मोठ्या डिग्रीचा असला तरी उठून बाहेर या.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्यालाही समिती असते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, मनोरुग्णालयात ठेवलेली माणसं यांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोन करायचा तर १५१००. जीव धोक्यात असेल तर आधी ११२. महिलांसाठी १८१ आणि जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर आहे.

येताना ओळखपत्र आणा, दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणा, मारहाण झाली असेल तर खुणांचे तारखेसह फोटो आणा. काहीच नसेल तरी या. काय घडलं ते तारीखवार कागदावर लिहून आणलंत, तर पहिल्या भेटीतच अर्ज तयार होतो. हे सगळं घरात कुणाला कळू नये असं वाटत असेल, तर नोटिशीचा पत्ता घरचा देऊ नका, विश्वासातल्या मैत्रिणीचा किंवा वकिलाचा द्या.